रेनडिअर हिरवळ सोडून दगडात का दिसतात? (उत्तर लांब झालंय, आधीच सांगते)

प्रश्न परत एकदा मांडते, म्हणजे मध्येच वाचायला आलेल्यांनाही कळेल. विचारणारे एमएस्सी करतायत. प्रोजेक्टसाठी त्यांना स्वालबार्डमधल्या काही रेनडिअर माद्यांच्या जीपीएस कॉलरचे (गळ्यातला पट्टा, जनावर कुठे आहे ते नोंदवतो) नोव्हेंबर ते एप्रिलचे पॉईंट मिळालेत. ते त्यांनी एनडीव्हीआयच्या नकाशावर टाकले, म्हणजे सॅटेलाईटवरून कुठे किती हिरवं दिसतं त्या नकाशावर, आणि निघालं असं की निम्म्याहून जास्त पॉईंट जिथे हिरवं जवळपास नाहीच अशा खडकाळ धारांवर. गाईड म्हणतात काहीतरी गडबड आहे, परत कर. आणि यांचा प्रश्न असा की चरणारं जनावर चारा सोडून दगडात जाऊन का बसेल, माझा नकाशा चुकलाय का पॉईंट चुकलेत का मीच चुकलोय. शेवटी जाता जाता हेही विचारलंय की मस्कऑक्सचं, म्हणजे त्या आर्क्टिकमधल्या लांब केसांच्या मोठ्या चरणाऱ्या जनावराचं, पण असंच असतं का.

घाबरू नका. नकाशा बहुतेक बरोबर आहे आणि पॉईंटही. फक्त नकाशा जुलैचा आहे आणि जनावर जानेवारीतलं.

माझं सांगायचं तर मी मुळात वनस्पतीवाली, प्राण्यांची नाही. पंधराएक वर्षं टुंड्रातला, म्हणजे ध्रुवाकडच्या बिनझाडांच्या थंड प्रदेशातला, झाडोरा मोजतेय, त्यातले सात उन्हाळे स्वालबार्डमध्ये, दोन ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, आणि हिवाळे फक्त दोन. खाली जे लिहितेय त्यातलं बरंचसं त्या दोन हिवाळ्यांत डोक्यात शिरलं, त्याआधी मीही तुमच्यासारखीच हिरव्या रंगावर विश्वास ठेवून होते.

आधी जागा समजून घ्या. स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या बरंच उत्तरेला, 74 ते 81 अंशांमधली बेटं. निम्म्याहून जास्त जमीन हिमनद्यांखाली, उरलेल्यातली बरीच नुसती दगड आणि चुरा, आणि सलग झाडोरा म्हणावा असं जे काही आहे ते दऱ्यांच्या तळाशी नाहीतर किनाऱ्यालगतच्या सपाटीवर. झाडोरा म्हणतेय खरी पण झाड एकही नाही. तिथलं झाड म्हणजे सॅलिक्स पोलारिस, आपल्याकडे ओढ्याकाठी वाळुंज असतो त्याच्याच कुळातलं, उंची दोन-चार सेंटिमीटर, मॉसमधून, म्हणजे जमिनीवरच्या शेवाळातून, पानं तेवढी वर डोकावतात. लाँगइयरबेनला, म्हणजे तिथल्या मुख्य गावाला, वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून 200 मिलिमीटरच्या आसपास, आपला माणदेशसुद्धा याहून ओला. पश्चिम किनाऱ्यावर यापेक्षा बरंच जास्त पडतं आणि हा फरक पुढे महत्त्वाचा आहे.

इथला रेनडिअरही वेगळा. बुटका, आखूड पायांचा, हिवाळी केसांत तर गोल पिंपासारखा दिसतो. अलास्का-कॅनडातले कॅरिबू (तेही रेनडिअरच, तिकडचं नाव) शेकडो किलोमीटर स्थलांतर करतात तसं याचं नाही, चार दऱ्यांतच जन्म आणि तिथेच मरण. माणसाने शिकार करून करून संपवत आणला होता, 1925 मध्ये संरक्षण मिळालं, आता सगळ्या बेटांवर मिळून अंदाज 22 हजारांच्या आसपासचा आहे. लांडगा इथे नाहीच. पांढरं अस्वल कधीमधी रेनडिअर मारतं, पण एकूण हिशोबात जनावर कुठे उभं राहील हे भीतीपेक्षा पोटच ठरवतं. मुख्य भूमीवरच्या कॅरिबूंचा डेटा असता तर मी लांडगे, डास, गोमाशा हे सगळं आधी विचारलं असतं, तुमच्याकडे ते व्हेरिएबल जवळपास नाहीत, हे नशीब समजा.

आता हिरव्या नकाशाकडे. यात दोन वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात.

पहिली म्हणजे, एनडीव्हीआय हिरवेपणा मोजतो, चारा नाही. स्वालबार्डमध्ये जी जागा सॅटेलाईटला सगळ्यात हिरवीगार दिसते तिथे बऱ्याचदा मॉसची जाड गादी असते, पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुतेल अशी. समुद्रपक्ष्यांच्या कड्यांखाली तर बघायलाच नको, वर हजारो पक्षी, खाली वर्षानुवर्षं पडलेलं त्यांचं खत, लांबून बघितलं तर पावसाळ्यातल्या कोकणातला उतार वाटेल. त्या मॉसमध्ये गवत आणि लव्हाळ्याच्या जातीचं काहीबाही उगवतं आणि रेनडिअर उन्हाळ्यात तेच वेचून खातात, पण मॉस स्वतः पचायला अगदीच वाईट. हिवाळ्यात ते पोटात जातं, बऱ्यापैकी जातं, पण दुसरं काही वेचताना सोबत येतं म्हणून किंवा दुसरं काही नाहीच म्हणून. म्हणजे तुमच्या नकाशावरच्या गडद हिरव्या चौकोनातला खरा चारा किती, हे तो चौकोन सांगत नाही. उलट खडकाळ धारेवर ड्रायस, जांभळी सॅक्सिफ्रेज, ल्युझुला अशा जमिनीलगतच्या खुरट्या वनस्पतींची, मध्येच सॅलिक्सची पसरट ठिगळं असतात, वीस-तीस मीटरच्या पिक्सेलमध्ये ती दगडाच्या रंगात मिसळून जातात आणि सॅटेलाईट म्हणतो इथे काही नाही. रेनडिअरचं तोंड काही वीस मीटरचं नसतं. ते एक-एक पान वेचणारं जनावर आहे, अरुंद तोंड, हलते ओठ, त्याला ते ठिगळ पुरतं.

दुसरी भानगड बर्फाची आणि तुमच्या बाबतीत हीच मोठी असावी असा माझा अंदाज आहे.

माझ्या पहिल्या हिवाळी फेरीतली गोष्ट सांगते. जुलैमध्ये मी एका दरीच्या तळाशी प्लॉट आखले होते, भरपूर मॉस, गवत, कॉटनग्रास, आणि डायरीत ठसठशीत लिहिलं होतं की ही इथली सर्वात चांगली चराई. एप्रिलमध्ये परत गेलो तर काठ्यांची टोकं तेवढी बर्फाबाहेर. बर्फ मोजायची सळई खाली घातली, अर्धा मीटर सुरसुर गेली आणि टक्क करून थांबली. फावड्याने खणलं तर तळाशी चार बोटं जाडीचा नुसता घट्ट बर्फ, काचेसारखा, आणि त्या काचेखाली जुलैतलं माझं गवत जसंच्या तसं, पिवळं पडलेलं, दिसतंय सगळं पण हात लागत नाही. तिथे एकही खूर उमटलेला नव्हता. आणि किलोमीटरभरावर वाऱ्याने झोडपून काढलेल्या धारेवर, जिथे मी उन्हाळ्यात एकही प्लॉट टाकायची तसदी घेतली नव्हती, तिथे सात-आठ रेनडिअर खाली मान घालून कुरतडत होते. काय खातात म्हणून नंतर जाऊन बघितलं तर ड्रायसची वाळकी पानं आणि सॅक्सिफ्रेजच्या गाठी. चवीला काय असेल देव जाणे, पण मिळत होतं.

हे असं का होतं, तर वारा धारेवरचा बर्फ उडवून खोलगट भागात आणून टाकतो, हा झाला नेहमीचा भाग. पण हल्ली त्यावर आणखी एक प्रकार होतो, भर हिवाळ्यात पाऊस. तापमान शून्याच्या वर जातं, बर्फावर पाऊस पडतो, पाणी झिरपून खाली थंडगार जमिनीला टेकतं आणि तिथेच गोठतं. भुसभुशीत बर्फ कितीही असला तरी रेनडिअर खुराने उकरतो, त्याचं आयुष्यच उकरण्यात जातं, कॅरिबू हा शब्दसुद्धा मिकमाक भाषेतल्या बर्फ उकरणारा अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय. पण जमिनीला चिकटलेली काच त्याला फुटत नाही. ती सगळ्यात जास्त कुठे साठते? जिथे पाणी साठतं तिथे, म्हणजे सपाट, सखल, ओल्या जागी, म्हणजे नेमक्या तुमच्या हिरव्या चौकोनांत. आणि किनाऱ्याजवळ हा त्रास जास्त, कारण तिथे हवा दमट आणि हिवाळी पाऊस जास्त, आतल्या दऱ्यांमध्ये तुलनेने कमी. म्हणून म्हणते की पश्चिम किनारा आणि आतला भाग हे एकाच हिशोबात धरू नका. असा बर्फ बसला की कॉलर लावलेल्या माद्या नेहमीचा टापू सोडून दुसरीकडे सरकतात हे तिथे दिसून आलंय, कधी चढणीच्या उतारांवर, कधी शेजारच्या दरीत. उतारावर जाणं सुखाचं नाही, पाय घसरून कडेलोट झालेली जनावरंही सापडतात.

याचा परिणाम नुसता जागेवर नाही, वजनावरही दिसतो. 1994 साली जन्मलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर हिवाळ्याच्या शेवटी सरासरी 55 किलो भरायच्या, 2010 साली जन्मलेल्या 48 च्या आसपास. उन्हाळे ऊबदार झाले, चारा वाढला, पिल्लं वाढली, आणि मग तेवढी सगळी तोंडं गोठलेल्या हिवाळ्यात त्याच थोड्या उघड्या जागांवर. म्हणजे गवत वाढलं म्हणून जनावर धष्टपुष्ट झालं असं सरळ गणित इथे बसत नाही.

या सगळ्याचं एकत्र उदाहरण बघायचं तर स्वालबार्डमधलं ब्रोगर द्वीपकल्प. न्यू-ऑलेसुंड हे संशोधकांचं गाव तिथेच आहे, आणि आपलं हिमाद्री स्टेशनही तिथेच, 2008 पासून, जे गोव्यातलं, वास्कोमधलं आपलं ध्रुवीय संशोधन केंद्र चालवतं, म्हणजे इथल्या कुणाला कधी जायची संधी मिळालीच तर याच रेनडिअरांच्या मध्ये उतराल. शिकारीमुळे त्या द्वीपकल्पावर जवळजवळ शंभर वर्षं रेनडिअर नव्हते. 1978 मध्ये लाँगइयरबेनजवळच्या आडव्हेंटडालेन दरीतून आणून सोडले, टिकले 12. त्या शंभर वर्षांत तिथे लायकेनचे गालिचे वाढून बसले होते. लायकेन म्हणजे आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूल ज्या जातीचं असतं ना, तेच, फक्त हे जमिनीवर झुपकेदार वाढणारं. रेनडिअरला ते छान पचतं, नुसतं पिठूळ खाणं, ताकद देतं पण प्रथिनं अगदी नावाला. आणि वाढतं वर्षाला काही मिलिमीटर. तर 12 चे 1993 पर्यंत झाले 360 च्या आसपास, तोवर लायकेन जवळपास संपलेलं, आणि 1993-94 च्या हिवाळ्यात बर्फाची काच बसली. वसंतात मोजले तर 80 च्या आत. काही मेले, काही दक्षिणेकडच्या किनारी सपाटीकडे निघून गेले. त्यानंतर ब्रोगरवरचे रेनडिअर लायकेनवर अवलंबून नाहीत, गवत, सॅलिक्स, सॅक्सिफ्रेज, मॉस असं जे मिळेल ते, आणि संख्या खालीवर होत राहते.

आता तुम्ही विचार करा, कुणी 1980 मध्ये तिथे अभ्यास करून लिहिलं असतं की रेनडिअरला लायकेनची धार आवडते, आणि कुणी 2000 मध्ये लिहिलं असतं की नाही, ओली सपाटी आणि धार दोन्ही वापरतो, तर दोघंही बरोबर. जनावर तेच, द्वीपकल्प तोच. म्हणून पसंती हा शब्द मी फार जपून वापरते, विद्यार्थ्यांच्या रिपोर्टमध्ये तो दिसला की पेन्सिलने गोल करते.

आणि याच भागातला आणखी एक प्रकार, जो मी आधी ऐकीव म्हणून सोडून दिला होता. बर्फ फारच घट्ट बसला तर रेनडिअर समुद्रकिनारी उतरतात आणि लाटांबरोबर आलेलं केल्प, म्हणजे ते मोठं पट्ट्यापट्ट्याचं समुद्री शेवाळ, खातात. लेंड्यांमधल्या आयसोटोपवरून (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, त्यांच्या प्रमाणावरून खाणं समुद्रातलं का जमिनीवरचं ते कळतं) हे पक्कं झालंय. त्याने हगवण लागते, आणि नुसत्या त्याच्यावर ते जगत नाहीत, जमिनीवरच्या चाऱ्याच्या जोडीला खातात. पण तुमच्या नकाशावर हे पॉईंट कुठे येणार? पुळणीवर. एनडीव्हीआय शून्य. आणि तुम्ही म्हणणार वाळूत काय करतोय हा. अडलेलं जनावर काय करेल सांगता येत नाही.

मस्कऑक्सचं विचारलंत. नाही, त्याचं तसंच असतं असं नाही. नावात ऑक्स असलं तरी नातं शेळी-मेंढीशी. नर तीनशे किलोच्या पुढे सहज जातो, पोट मोठं, चारा पोटात बराच वेळ राहतो, त्यामुळे वाळलेलं, रुक्ष, कडब्यासारखं गवत आणि लव्हाळाही तो नीट पचवतो. रेनडिअर वेचून खाणारा, हा ओरपणारा. म्हणून मस्कऑक्स लव्हाळ्याच्या ओल्या कुरणांवर जास्त दिसतो, जोडीला सॅलिक्स आर्क्टिका. लायकेनचं त्याला विशेष काही नाही. हिवाळ्यात तो कमीत कमी हलतो, चरबी जाळत उभा, आणि पिल्लं एप्रिल-मेमध्येच होतात, हिरवं उगवायच्याही आधी, म्हणजे दूधसुद्धा मागच्या उन्हाळ्याच्या साठ्यातून. पण उकरण्यात तो रेनडिअरपेक्षा कमी पडतो, त्याला बर्फ उथळ हवा. म्हणून कोरड्या हवेच्या, कमी बर्फाच्या प्रदेशात त्याचं बस्तान बसतं. पश्चिम ग्रीनलंडमध्ये कांगेर्लुसुआकला 1960 च्या दशकात 27 जनावरं नेऊन सोडली, त्यांची पुढे हजारो झाली, ती जागा कोरडी. स्वालबार्डमध्ये 1929 साली 17 सोडली होती, थोडी वाढली, आणि 1980 च्या दशकात संपली. रेनडिअर वाढल्यावर हिवाळी चाऱ्यावर दोघांची गाठ पडली असं एक कारण सांगतात, मला ते पटतं, पण बर्फाची काच बाजूला ठेवून नाही. ती त्यालाही सोडत नाही. कॅनडाच्या बँक्स बेटावर 2003 च्या ऑक्टोबरमध्ये बर्फावर पाऊस पडला आणि त्या हिवाळ्यात 20 हजारांच्या आसपास मस्कऑक्स मेले.

इथे एक आडवळण घेते कारण तुमच्या गाईडना हे आवडेल. आपण समजतो झाडोरा आधी, जनावर नंतर, म्हणजे जिथे चारा तिथे जनावर. उलटंही असतं. ईशान्य ग्रीनलंडला झाकेनबर्गमध्ये ओल्या कुरणावर कुंपण घालून मस्कऑक्सना बाहेर ठेवलं, तर आपल्याला वाटेल आतलं गवत माजेल. झालं भलतंच. तीनच वर्षांत आत मॉस आणि वाळलेला पाचोळा वाढला, लव्हाळ्याचे कोंब कमी झाले आणि त्या तुकड्याचं कार्बन डायऑक्साइड शोषणं जवळपास निम्म्यावर आलं. तुडवणं, खाणं, लेंड्या टाकणं यातूनच ते कुरण कुरण राहतं. स्वालबार्डमध्येही रेनडिअर आणि हंस तुडवतात, खातात, मॉसची गादी पातळ राहते, माती थोडी जास्त तापते आणि गवताला फायदा होतो. आणि कांगेर्लुसुआकला उलट अंगाने तेच, कॅरिबू आणि मस्कऑक्स आत येऊ दिले तर बुटका बर्च आणि विलो आटोक्यात, बाहेर ठेवले आणि वर ऊब दिली तर झुडपं चढतात. तेव्हा एखाद्या जागी चारा चांगला आणि जनावरंही भरपूर दिसली तर कोण कुणामुळे, हे नुसत्या नकाशावर नकाशा टाकून कळत नाही.

बरं, आता तुमच्या डेटाचं काय करायचं. मी काय केलं असतं ते सांगते, तुमच्याकडे वेळ किती आहे त्यावर ठरवा.

आधी पॉईंट चरतानाचे आणि बसल्याचे वेगळे करा. रवंथ करणारं जनावर दिवसाचा मोठा भाग नुसतं बसलेलं असतं, आणि बसायला त्याला कोरडी, उघडी जागा लागते, जिथे बर्फात बुडायचं नाही आणि चारीकडे दिसतं. म्हणजे तुमच्या खडकावरच्या पॉईंटमधले काही नुसते विश्रांतीचे असणार. कॉलरमध्ये हालचालीचा सेन्सर असेल तर त्यावरून, नसेल तर सलग पॉईंटमधलं अंतर बघा, तासाभरात दहा-वीस मीटरच्या आत सरकलं नाही तर बसलंय असं धरायला हरकत नाही, जीपीएसची स्वतःची चूकच तेवढी असते. हे केल्यावरही खडकावरचे पॉईंट उरतील याची मला जवळपास खात्री आहे, पण प्रमाण बदलेल.

मग उपलब्धता. तुम्ही बहुतेक अख्ख्या दरीत रँडम पॉईंट टाकून त्याच्याशी तुलना केलीय, हिमनदी आणि कडे धरून. जनावर जिथे एका हिवाळ्यात पोचूच शकत नाही ती जागा त्याला उपलब्ध नाही. प्रत्येक मादीचा हिवाळी टापू काढा, त्याच्या आतच तुलना करा. आणि एक मादी म्हणजे एक नमुना. चार हजार पॉईंट आहेत म्हणून चार हजार नमुने होत नाहीत, ही चूक मी छापून आलेल्या कामातही पाहिलीय.

आणि मुख्य म्हणजे बर्फाचं काहीतरी घाला. बर्फाची जाडी थेट मिळणार नाही, पण आर्क्टिकडीईएमवरून, म्हणजे सॅटेलाईटवरून केलेल्या उंचीच्या नकाशावरून, जमीन आसपासच्यापेक्षा उंच आहे की खोलगट हे काढता येतं, उताराची दिशा वाऱ्याशी जुळवता येते, बर्फ कधी वितळतो ते वसंतातल्या सॅटेलाईट चित्रांवरून कळतं, लवकर उघडी पडणारी जागा बऱ्याचदा हिवाळ्यातही पातळ बर्फाचीच असते. शिवाय हवामान केंद्राची रोजची आकडेवारी घ्या, नोव्हेंबर ते मार्चमध्ये कोणत्या दिवशी तापमान शून्याच्या वर आणि पाऊस, आणि त्या तारखेच्या आधीचे-नंतरचे पॉईंट वेगवेगळे काढा. तुमच्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये हे एक चित्र नीट आलं तरी बास. पावसाआधी पॉईंट दरीच्या तळाशी आणि पावसानंतर धारेवर असं दिसलं तर गाईडना वेगळं काही समजवावं लागणार नाही. नाही दिसलं तर तेही लिहा, कोरड्या हिवाळ्यात असं न दिसणंच बरोबर आहे.

एनडीव्हीआय फेकून देऊ नका. उन्हाळ्याचे पॉईंट मिळाले तर त्याच नकाशावर टाकून बघा, जून-जुलैमध्ये तो बराच खरा ठरेल. बर्फ वितळल्या वितळल्या कोवळं पान प्रथिनांनी भरलेलं असतं म्हणून जनावर कोवळ्याच्या मागे जाईल असं पुस्तकात असतं, पण स्वालबार्डमध्ये त्या दिवसांत रेनडिअर बऱ्याचदा जास्त चारा असलेली जागा धरतात, मग तो थोडा राठ का असेना. एप्रिलपर्यंत पोट खपाटीला गेलेलं जनावर आधी पोट भरणार.

कुणी तुम्हाला म्हणेल की कॉलर कशाला, लेंड्या मोजा, स्वस्तात होतं. होतं, पण मी त्यात तोंडघशी पडलेय. पहिल्या वर्षी धारेवर भरपूर लेंड्या आणि ओल्या मॉसमध्ये तुरळक अशी मोजणी करून मी ऐटीत निष्कर्ष काढला, आणि एका वयस्कर सहकाऱ्याने शांतपणे विचारलं की यातल्या यंदाच्या किती. कोरड्या थंड धारेवर लेंडी कित्येक वर्षं तशीच राहते, ओल्या जागी कुजते नाहीतर मॉस तिला गिळून टाकतं. म्हणजे मी दहा वर्षांची धार आणि एका वर्षाचं कुरण यांची तुलना करत होते. पुढच्या वर्षीपासून आधी प्लॉट साफ करायचा आणि मग नवीन पडलेल्या मोजायच्या. लेंडी मायक्रोस्कोपखाली बघून आहार काढायचा असेल तर त्यातही असंच, मॉसचे आणि चिवट पानांचे तुकडे शाबूत बाहेर पडतात, मऊ फुलझाडं विरघळून जातात, त्यामुळे मॉस होतं त्याहून जास्त खाल्लेलं दिसतं. हल्ली डीएनएवरून करतात, ते बरं, पण किती खाल्लं यापेक्षा काय खाल्लं एवढ्यावरच विश्वास ठेवा.

हे सगळं तुमच्या डेटाला किती लागू होईल ते तीन गोष्टींवर आहे, कॉलर किनाऱ्यालगतच्या जनावरांचे आहेत का आतल्या दरीतल्या, कोणत्या वर्षाचे, आणि पॉईंट दर किती वेळाने घेतलेत. यातलं तुम्ही प्रश्नात काहीच लिहिलं नाहीये. लिहा म्हणजे पुढचं बोलता येईल. दिवसाला एकच पॉईंट असेल तर वरचं चरणं-बसणं वेगळं करायचं विसरा, ते जमणार नाही.

आणि अजून एक बारीक गोष्ट, कारण दुसऱ्या एकाच्या डेटात मी यावर दोन दिवस घालवलेत. कॉलरची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, असते, आणि लॅपटॉपवर फाईल उघडली की सॉफ्टवेअर गुपचूप भारतीय वेळ करून टाकतं, साडेपाच तास पुढे. न्यू-ऑलेसुंडला ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, त्यामुळे दिवस-रात्र बघून ही चूक लक्षात येत नाही, पण पावसाची तारीख जुळवायला बसलात की आधीचे पॉईंट नंतरच्यात जातात. फाईल उघडल्यावर पहिल्यांदा ते तपासा.